पायथन पॅकेज रिलीज करताय? डिपेंडन्सी लिहिताना या चुका टाळा

डिपेंडन्सी म्हणजे आपलं पॅकेज चालायला लागणारी दुसरी पॅकेजेस. सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगतो. रिलीजची घाई असते म्हणून लोक पिप फ्रीझ (पिप हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, फ्रीझ ही बसवलेल्यांची यादी देणारी त्याची कमांड) मारतात आणि जे काही बाहेर येईल ते जसंच्या तसं पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये (पॅकेजची माहिती लिहायची फाइल) चिकटवतात. मीपण पहिल्या पॅकेजला हेच केलं होतं. फ्रीझमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटमधलं (जिथे पॅकेजेस बसवलीत ती जागा) सगळंच येतं, तुम्ही कधी इम्पोर्टसुद्धा न केलेलं, आणि प्रत्येकापुढे == (म्हणजे नेमकं तेच व्हर्जन) लागलेलं. आता तुम्ही रिक्वेस्ट्स == २.३१.० लिहिलंत आणि दुसऱ्या लायब्ररीला २.३२ च्या पुढचंच हवं असेल तर ज्याला दोन्ही लागतात तो अडकला, पिप त्याला रिझोल्यूशन इम्पॉसिबल सांगून मोकळं होतं. (२०२० च्या शेवटी पिप २०.३ आलं, त्याआधी ते अशा वेळी काहीतरी एक बसवून पुढे जायचं, मग प्रोग्राम चालवताना फुटायचं. आत्ताचं बरं.)

लायब्ररीत फक्त थेट लागतात त्याच डिपेंडन्सी लिहा आणि >= ने खालची मर्यादा द्या. == ची जागा सर्व्हरवर चालणाऱ्या ॲपच्या लॉक फाइलमध्ये (नेमकी व्हर्जन्स पक्की करणारी फाइल), तिथे ते हवंच.

वरच्या मर्यादेवरून खूप वाद होतात, माझं मत असं की कारण माहीत असेल तरच घाला. जून २०२४ मध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २.० आलं तेव्हा १.एक्सवर कंपाइल केलेली एक्स्टेन्शन्स (सी वगैरेत लिहिलेले भाग) त्यावर चालेनात, अशा पॅकेजला < २ लिहिणं बरोबरच होतं. पण साध्या पायथन कोडला उगाच सगळीकडे वरची मर्यादा घातली की दर नव्या व्हर्जनला लोक तुमच्या रिलीजची वाट बघत बसतात. ~= वापरताना पण नीट बघा, ~= १.४ म्हणजे १.४ पासून पुढचं कुठलंही १.एक्स, आणि ~= १.४.२ म्हणजे फक्त १.४ मालिकेतलं.

इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असतं असं धरून चालू नका. कोडमध्ये सीव्ही२ असतं पण इन्स्टॉल करायचं ओपनसीव्ही-पायथन, पिल लिहिता पण पॅकेज पिलो. अंदाजाने नाव टाकलंत तर भलत्याच माणसाचं पॅकेज युजरच्या मशीनवर जाऊ शकतं, हे खरंच गंभीर आहे.

टॉमललिब (टॉमल फाइल वाचणारं मॉड्यूल) पायथन ३.११ पासून पायथनमध्येच आहे, त्याआधीच्या पायथनसाठी टॉमली लागतं, तर तिथे मार्कर (डिपेंडन्सी कधी लागू ते सांगणारी अट) लावा, सगळ्यांच्या गळ्यात ते कशाला. पायटेस्ट वगैरे टेस्टची साधनं पण मेन यादीत नको, डिपेंडन्सी ग्रुपमध्ये (डेव्हलपरपुरती वेगळी यादी) ठेवा.

आणि अपलोडच्या आधी व्हील (इन्स्टॉलला तयार पॅकेज फाइल) बनवून कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करा, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर जाऊन इम्पोर्ट करून बघा, पिप चेक (डिपेंडन्सी जुळतात का ते बघणारी कमांड) चालवा. एकदा अपलोड झालेल्या व्हर्जनची डिपेंडन्सी यादी बदलता येत नाही, फार तर ते यँक करून (म्हणजे नव्या इन्स्टॉलमधून बाजूला काढून) नवीन काढावं लागतं. >= मध्ये लिहिलेल्या सगळ्यात जुन्या व्हर्जनवर पण टेस्ट पळवा, यूव्हीमध्ये (पिपसारखंच साधन) त्यासाठी लोएस्ट-डायरेक्ट रिझोल्यूशन आहे, बहुतेकांचा आकडा तिथेच खोटा निघतो.