मेलेल्यांची मोहीम निवडताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळायला चार-पाच जण जमले की "काहीतरी भुताखेतांचं घे" ही मागणी हमखास येते. मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसतील) आणि सीआर (किती अवघड आहेत) बघतो, पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, झेपेल असं वाटतं आणि मोहीम ठरते. घोळ इथेच होतो. ओर्क किंवा लांडगा जखमा करतो. मेलेले, म्हणजे भुतं आणि चालती प्रेतं, मात्र जखमेबरोबर काहीतरी घेऊन जातात. कुणी ताकद नेतं, कुणी वयाची वर्षं, कुणी तुमची खेळायची पाळी. म्हणून मोहीम नक्की करण्याआधी वहीत प्रत्येक राक्षसापुढे दोन गोष्टी लिहा: हा काय नेतो, आणि ते परत मिळवायचा उपाय आपल्या पार्टीकडे कोणत्या लेव्हलला येतो. दुसरा रकाना कोरा राहिला तर ती मोहीम आत्ता घेऊ नका.

पुढचे आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत. नंतरच्या आवृत्तीत त्यांतले काही बदलले आहेत.

सीआरवर विसंबून राहणं

शॅडोचा (सावलीसारख्या भुताचा) सीआर अवघा अर्धा, हिट पॉइंट १६. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसमोर चार शॅडो ठेवले तर हिशेबाने ८०० एक्सपी (लढाईचा अवघडपणा मोजायचे गुण) होतात, म्हणजे मध्यम लढाई. पण शॅडोचा प्रत्येक फटका १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) ताकद नेतो. ताकद शून्यावर आली की माणूस मेला, मृत्यूचे सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचे फासे) टाकायची संधीच नाही. ८ ताकदीचा विझर्ड (जादूगार) चार शॅडोंच्या मध्ये सापडला आणि चारही फटके बसले, तर सरासरी १० ताकद जाते. खेळ एका फेरीत संपतो. गेलेली ताकद छोट्या विश्रांतीनंतरही परत येते, त्यामुळे उपाय सोपा आहे: शॅडो एकदम आणू नका, दोन-दोन करून आणा आणि मधे दार बंद करून तासभर बसता येईल अशी एक खोली ठेवा. मोहिमेच्या नकाशात तशी खोली नसेल तर स्वतः काढा.

घूल या प्रेतं खाणाऱ्या राक्षसाचंही तसंच. नखं लागली की १० चा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह टाकायचा. तो हुकला तर माणूस जागीच लुळा पडतो आणि जवळून बसणारा प्रत्येक फटका क्रिटिकल (नुकसानीचे फासे दुप्पट) धरला जातो. पहिल्या लेव्हलच्या चौघांना एक घूल पुरे. दोन झाले की नियमांच्या तक्त्यातच ती लढाई जीवघेणी ठरते. पार्टीत एल्फ जमातीचं पात्र असेल तर मात्र घूल जरूर घ्या, कारण एल्फ या नखांनी लुळा पडत नाही. एरवी मागे उभा राहणारा खेळाडू त्या दिवशी पुढे येतो.

उपाय नसताना ममी

ममीच्या मुठीने शाप लागला की जखमा भरणं थांबतं, आणि दर २४ तासांनी कमाल हिट पॉइंटमधून ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांवर येतील तेवढे) जातात. ३६ हिट पॉइंटचा फायटर (लढवय्या) साधारण चौथ्या दिवशी संपतो. शाप उतरवायचा मंत्र तिसऱ्या पातळीचा, क्लेरिकला (देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राला) तो पाचव्या लेव्हलला मिळतो. त्याआधी ममी आणायची असेल तर दोन दिवसांच्या वाटेवर शाप उतरवणारा पुजारी ठेवा आणि त्याचं नाव पहिल्याच बैठकीत खेळाडूंच्या कानावर घाला. ममीला आग दुप्पट लागते, तेव्हा गावच्या दुकानात तेलाच्या बाटल्या दिसू द्या. आधी तेल फेकायचं, मग मशाल टेकवायची. एका चांदीच्या नाण्याचं तेल इथे तलवारीपेक्षा कामाला येतं.

विकत मिळणाऱ्या मोहिमांत तर कधीकधी उपायच बंद केलेला असतो. 'टूम ऑफ अनायहिलेशन' (२०१७) मध्ये मृत्यूचा शाप असल्याने मेलेल्याला उठवणारे मंत्र चालत नाहीत. हे कॅरेक्टर बनवण्याआधी सांगा. नंतर कळलं तर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं वाटणं बरोबर असतं.

झॉम्बींची जत्रा

झॉम्बी तुमचा वेळ नेतात. हिट पॉइंट शून्यावर आले की झॉम्बी सेव्ह टाकतो: ५ अधिक त्या फटक्याचं नुकसान. इथे बरेच डीएम चुकतात आणि शून्याच्या खाली किती गेलं तेवढंच धरतात. धरायचं ते फटक्याचं पूर्ण नुकसान. ८ चा फटका असेल तर १३ हवेत. झॉम्बीला वीस बाजूंच्या फाशावर अधिक ३ मिळतात, म्हणजे ५५ टक्के वेळा तो १ हिट पॉइंटवर उभाच. दहा झॉम्बी असतील तर संध्याकाळ फासे टाकण्यातच जाते. एका लढाईत चार ठेवा. क्रिटिकल किंवा रेडिअंट (दैवी तेजाच्या) फटक्याला हा सेव्ह नसतो, हे खेळाडूंना आधीच सांगून टाका.

क्लेरिकचं बळ काढून घेणं

पाचव्या लेव्हलला क्लेरिकच्या टर्न अनडेडने (मेलेल्यांना पळवून लावणाऱ्या शक्तीने) सीआर अर्धा किंवा त्याहून कमी असलेले, सेव्ह हुकलेले मेलेले जागीच नष्ट होतात. दहा स्केलेटन (चालते सांगाडे) उभे करून पहिल्याच फेरीत सात धुळीला मिळाले की डीएम हबकतो आणि पुढच्या वेळी "यांच्यावर ते चालत नाही" म्हणतो. असं करू नका. त्या खेळाडूने क्लेरिक घेतला तो याच क्षणासाठी. बदल जागेत करा, कारण टर्न अनडेड ३० फुटांपर्यंतच पोचतं.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली असेल तर नकाशा तयारच आहे. अष्टकोनी विहीर, सुमारे ५० फूट व्यास, म्हणजे खेळाच्या नकाशावर पाच फुटांचे दहा चौकोन. खेळात ती कोरडी धरा. क्लेरिक तळाच्या मध्यावर उभा राहिला तर अख्खा तळ त्याच्या टप्प्यात येतो. पण विहीर १०० फुटांहून खोल आहे, त्यामुळे वर मोटांच्या जागी धनुष्य घेऊन बसलेले स्केलेटन वाचतात. तळ साफ केल्याचं समाधान त्याला मिळतं आणि बाकीच्यांना जिना चढायचं काम उरतं. नकाशात पायऱ्या अरुंद धरा, म्हणजे त्यांवर एका वेळी एकच जण लढू शकतो. तिथे हातोडेवाल्याला पुढे काढा, स्केलेटनला बोथट हत्यार दुप्पट लागतं.

वेताळाला झॉम्बी करणं

झॉम्बीला वेताळ म्हटलं की गोष्ट आपली होते, असं वाटतं. पण आपल्याकडे कितीतरी गावांत वेताळ हा राखणदार देव आहे, त्याला नारळ फुटतो. २२ हिट पॉइंटचं प्रेत करून त्याला कापायला लावलं तर टेबलावरचा कुणीतरी गप्प होईल, आणि कारणही सांगणार नाही. मुंजा, हडळ, खवीस यांच्या गोष्टी वापरायला हरकत नाही, पण गावाचं नाव बदला. विहिरीचा आकार घ्या, साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या खऱ्या समाध्या घेऊ नका.

आणि पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा: घरात नुकतं कुणी गेलंय का, लहान मुलाचं भूत चालेल का, ओळखीच्या माणसाचं प्रेत उठून आलं तर चालेल का. सगळ्यांसमोर विचारलं तर सगळेच "चालेल" म्हणतात. "नाही" आलं तर मोहीम टाकून द्यायची गरज नसते. उठून येणारी आजी असेल तर तिच्या जागी तीनशे वर्षांपूर्वीचा किल्लेदार ठेवा, आकडे तेच राहू द्या.