जुनी गाडी रंगवताय? या चुका टाळा, नाहीतर तोच रंग दोनदा काढावा लागतो

बाबांची १९७८ची पद्मिनी अजून आमच्याकडे आहे. ती पूर्ण उघडून रंगवायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात आधी काय आलं, तर शेड कार्ड. आई म्हणाली क्रीम, भाऊ म्हणाला लाल, माझं मन गडद हिरव्यावर, आणि महिनाभर आम्ही त्यावरच बोलत होतो. पहिली चूक हीच, आणि जवळपास प्रत्येक जण ती करतो. शेड सगळ्यात शेवटी ठरवायची असते. आधी बघायचं की रंग कुठल्या जातीचा मारायचाय, खाली जे आहे त्यावर तो टिकणार का, आणि गाडी रोज पुण्याच्या पेठांतल्या गर्दीत फिरणार की रविवारी सकाळी फक्त पाषाणपर्यंत जाऊन येणार. ही तीन उत्तरं मिळाली की शेड कार्ड उघडा.

जाती मोजक्याच आहेत. एक एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला आपल्याकडे अजून सरसकट ड्यूको म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या ड्यू पॉंट कंपनीच्या रंगाचं, १९२४च्या ओकलंड गाडीवर जनरल मोटर्सने तो वापरला आणि गाडीचा रंग सुकायला जे आठवडे लागायचे ते तासांवर आलं. दुसरा सिंथेटिक इनॅमल, स्वस्त, ब्रशनेही लागतो, पण आतून सुकायला फार वेळ घेतो. तिसरा टू-के पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन, ज्यात रंग कडक करणारा हार्डनर घालावा लागतो. चौथा बेस कोट आणि वरून क्लिअर, म्हणजे खाली रंग आणि त्यावर पारदर्शक थर, जो आजच्या सगळ्या मेटॅलिक गाड्यांवर असतो.

आता यातलं काय घ्यायचं? गाडी जर प्रदर्शनासाठी आणि जशीच्या तशी ठेवायची असेल तर एनसीला खरंच तोड नाही, त्याची ती मऊ, खोल चमक दुसऱ्या कशाने येत नाही, आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग भरून पॉलिश करता येतो. पण उन्हात तो फिका पडतो, जाड थर दिला तर काही वर्षांत तडे जातात आणि टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडलं की तिथे डाग पडतो. गाडी फिरणार असेल तर माझं स्पष्ट मत, प्लेन शेडमध्ये टू-के मारा, वरून क्लिअर नको. त्या काळच्या गाडीवर क्लिअरची काचेसारखी चमक आली की क्रोमचे बंपर आणि गोल दिवे त्या रंगाशी बोलतच नाहीत, गाडी खेळण्यातली दिसते. मेटॅलिक आणि पर्लबद्दलही तेच. पद्मिनीचा आकार प्लेन रंगात उठून दिसतो, तिच्या मडगार्डची कड आणि बॉनेटची घडी सावलीवर दिसते, चकाकीवर नाही.

खाली काय आहे ते न बघता वरून मारणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमचं नुकसान इथेच झालं. ज्या गॅरेजला गाडी दिली होती तिथले म्हणाले, "साहेब, जुना रंग चांगला धरलाय, घासून वरून टू-के मारू, पत्रा उघडायची गरज नाही." आम्हाला पटलं, पैसेही वाचत होते. बॉनेटवर पहिला हात बसला, छान दिसला. दुसरा हात मारून वीस मिनिटं झाली असतील आणि डाव्या बाजूला दुधावरची साय गोळा होते तशा सुरकुत्या यायला लागल्या, बघता बघता वीतभर पट्टा उचलला गेला. त्या जागी कधीतरी कुणीतरी एनसीवर सिंथेटिकचा टचअप केला होता, आणि टू-केमधल्या थिनरने तो खालचा थर फुगवला. पूर्ण बॉनेट पत्र्यापर्यंत काढावं लागलं, रंग, मजुरी, दोन आठवडे, सगळं परत.

हे टाळायला पाच मिनिटं लागतात. पांढरं सुती फडकं घ्या, एनसीचा थिनर त्यावर घ्या आणि डिकीच्या आतल्या बाजूला, मग प्रत्येक पॅनलवर एका कोपऱ्यात मिनिट-दोन मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला आणि जागा चिकट झाली तर खाली एनसी आहे. रंग विरघळला नाही पण फुगून सुरकुतला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही, फक्त मळ निघाला, तर खाली टू-के किंवा भट्टीत भाजलेला रंग आहे आणि तो नीट घासून त्यावर काम करता येतं. प्रत्येक पॅनल वेगळं तपासा कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एखादं मडगार्ड तरी बदललेलं किंवा परत रंगवलेलं असतंच. सोबत फ्रीजवर लावतो तसलं चुंबक कागदात गुंडाळून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुटीचा, जाड थर आहे, आणि जाड लांबीखाली बहुतेक वेळा गंज.

फडक्याने एनसी किंवा सिंथेटिक दाखवलं तर गाडी पत्र्यापर्यंत काढा, मध्यम मार्ग शोधू नका. फक्त सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून रंग काढणं, सगळीकडे करू नका. चेसिस, सस्पेन्शन अशा जाड भागांना ते ठीक, पण बॉनेट, छत, दरवाजे असा सपाट पातळ पत्रा त्याने ताणला जातो आणि लाटा पडतात, मग त्या लाटा झाकायला परत लांबी. तिथे रंग काढायचा रिमूव्हर आणि हाताने घासणं बरं, आणि रिमूव्हर वापरला तर सांध्यांतून तो नीट धुऊन काढा, राहिला तर महिन्यांनी नव्या रंगाखालून वर येतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो, जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची कोरडी घासाई घराच्या पार्किंगमध्ये मुलं खेळतात तिथे करू नका, पाणी मारून घासा आणि तो गाळ गोळा करा.

प्रायमर म्हणजे रंग नव्हे

पत्रा उघडा झाला की पुण्याच्या जुलैमध्ये एका रात्रीत त्यावर पिवळसर गंज धरतो. म्हणून लोक घाईत रेड ऑक्साइडचा प्रायमर मारतात आणि गाडी दोन महिने ताडपत्रीखाली ठेवून देतात, की आता सुरक्षित. तसं नाही. हे साधे प्रायमर सच्छिद्र असतात, पाणी पितात, आणि वरून कितीही महाग रंग मारला तरी वर्षभरात बारीक फोड येतात. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या, तो पत्रा बंद करतो. त्यावर लांबी, मग सरफेसर (बारीक खाचा भरून सपाट करणारा थर), मग रंग, हा क्रम आमच्या गाडीला चांगला लागू पडला. इपॉक्सीवर पुढचा थर किती वेळात द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ती मुदत गेली की हलकं घासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ॲसिड असलेल्या एच (etch) प्रायमरवर थेट लांबी भरू नका, धरत नाही. आणि लांबी पाण्याने घासू नका, ती पाणी धरून ठेवते, तिथे कोरडा पेपर. पाणी पेपर सरफेसरवर.

शेड उन्हात जुळवा, आणि बॉनेटवरून कधीच नाही

मूळ शेड शोधायची तर बॉनेट आणि छत ही सगळ्यात वाईट जागा, इतकी वर्षं ऊन खाऊन तिथला रंग बदललेला असतो, लाल तर सगळ्यात जास्त उडतो. आम्ही मागच्या डाव्या दरवाज्याचं पॅड काढलं. आत धुळीचा थर होता, ओल्या कपड्याने पुसला आणि तळहाताएवढी जागा निघाली, फिकट निळसर करडी, तेही अगदी ताजी दिसणारी, बाहेरून गाडी मळकट पांढरी दिसत असताना. बाबा तिथे उभे होते, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हो, हाच. आणली तेव्हा अशीच होती." घरातला शेडचा वाद तिथे संपला.

डिकीच्या झाकणाची आतली बाजू, कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे, अशा जागा शोधा. नाना पेठेत सुट्या भागांसाठी आपण जातोच, तसंच रंग मिक्स करून देणाऱ्या दुकानात जाताना एखादा छोटा सुटा भाग बरोबर घ्या, फोटो नको, मोबाइलचा फोटो शेड सांगत नाही. दुकानात मशीनने शेड वाचून देतात, ते सुरुवातीला ठीक, पण नंतर एका पत्र्याच्या तुकड्यावर स्प्रे करून घ्या, ब्रशने किंवा बोटाने लावलेला नाही, आणि तो सुकल्यावर दुकानाबाहेर उन्हात मूळ भागाशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे मी स्वतः बघितलंय. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा बघा.

लागेल तेवढा सगळा रंग एकदम घ्या आणि वेगवेगळे डबे असतील तर सुरू करायच्या आधी एका मोठ्या भांड्यात एकत्र करा. मधेच कमी पडला आणि परत करून आणला की दरवाजा आणि मडगार्ड यांच्यात फरक दिसतो. आमच्या गाडीला आतल्या कडांसकट थिनर घालायच्या आधीचा साडेतीन लिटर लागला.

मूळ सोडून दुसराच रंग करायचा असेल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो आरटीओमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवा. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे, त्यात चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आमची २०२८मध्ये पन्नाशी गाठेल, म्हणून पत्रा बदलताना आम्ही आकार कुठेच हलवला नाही.

हवामान, थिनर आणि रंग मारताना येणारे दोष

जून ते सप्टेंबर रंग मारू नका, बंद बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, नसेल तर अजिबात नाही. दमट हवेत एनसीवर दुधी पांढरट झाक येते, थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. टू-केचा हार्डनरही ओलाव्याशी भांडतो, बुडबुडे आणि मंदपणा येतो. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, दुपारी जलद थिनर वापरला तर रंग पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि खरखरीत बसतो, तिथे स्लो थिनर आणि सकाळची वेळ, शिवाय वळिवाचा वारा सुटला की धूळ आलीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ.

रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते सिलिकॉन किंवा तेल, डॅशबोर्डवर मारायच्या चकचकीत स्प्रेचं गॅरेजमध्ये नावही नको, आणि रंगाच्या आधी ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा, एक ओलं एक कोरडं. बारीक पाण्याचे ठिपके दिसले तर कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करा आणि लाइनला वॉटर सेपरेटर लावा. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर बहुतेक वेळा रंग घट्ट, हवा कमी किंवा स्प्रे गन लांब, पूर्ण सुकल्यावर १५०० आणि २००० पेपरने घासून पॉलिश करता येतं. महिन्याभराने घासाईच्या रेघा वर आल्या तर सरफेसर नीट सुकायच्या आत रंग मारलाय किंवा मधला पेपर गाळलाय. ३२० नंतर थेट रंग मारू नका, ६०० पर्यंत जा.

एका कंपनीचा रंग, दुसरीचा हार्डनर, तिसरीचा थिनर, हे करू नका. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होऊ शकतो, रुमाल बांधून मारणाऱ्या माणसाला थांबवा. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर टू-केचं काम बूथ असलेल्या ठिकाणीच द्या.

रंग झाल्यावर महिनाभर मेण लावू नका आणि पहिल्या काही दिवसांत कव्हर घालू नका, आतला थिनर बाहेर यायला जागा हवी. उरलेला रंग हार्डनर न घालता लहान डब्यात काठोकाठ भरून बंद करा, वर फॉर्म्युला, थिनरचं प्रमाण आणि तारीख लिहा. आमचा डबा बाबांच्या कपाटात आहे, गाडीच्या जुन्या पावत्यांशेजारी.