‘मत्’ आणि ‘मध’ : व्हिएतनामी शब्दाचे मूळ शोधताना या चुका टाळा

व्हिएतनामी भाषेत मधाला ‘मत्’ म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘मध’ ऐकू येतो आणि हे साम्य खरेही आहे. मात्र ते कोणत्या वाटेने आले, हे सांगताना अनेकांची गफलत होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मध्य व्हिएतनाममधील प्राचीन चंपा राज्याचे संस्कृत शिलालेख आठवून हा शब्द थेट ‘मधु’वरून आला असे ठरवून टाकणे. व्हिएतनामीने तो चिनीकडून घेतला, आणि चिनीत तो तोखारीतून, म्हणजे आजच्या शिनजियांगमधील तारिम खोऱ्यात एकेकाळी बोलल्या जाणाऱ्या भारत-युरोपीय भाषेतून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तोखारीत मधाला ‘मित’ म्हणत. तिथे मूळच्या ‘ध’चा ‘त’ झाला होता आणि तोच ‘त’ या प्रवासाची खूण होऊन टिकला. म्हणजे ‘मत्’ आणि आपला ‘मध’ एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, पण त्यांच्या शाखा फार पूर्वीच वेगळ्या झाल्या.

दुसरी चूक आजच्या बीजिंगच्या बोलीशी तुलना करण्याची. तिथे मध केवळ ‘मी’ उरला आहे, कारण त्या बोलीने शब्दान्तीचे ‘प’, ‘त’, ‘क’ गमावले. इ. स. 938 पर्यंत उत्तर व्हिएतनामवर चीनची सत्ता बव्हंशी टिकून होती आणि असे हजारो शब्द जुन्या उच्चारांसह तिथे रुजले. म्हणून तुलना करायची ती मध्ययुगीन चिनीशी, दक्षिण चीनमधल्या कॅन्टनीजशी किंवा जपानी ‘मित्सु’शी.

व्हिएतनामी रोमन लिपीत लिहितात आणि ‘मत्’ तिथे ‘mật’ असा दिसतो; त्यातील चिन्हे गाळणे हाही घातक आळस आहे. वरची टोपी आणि खालचा टिंब काढले की हाच शब्द ‘डोळा’, ‘चेहरा’ किंवा ‘गार’ यांपैकी काहीही वाटू शकतो. चिन्हे जपली तरी काळजी हवीच, कारण ‘पित्त’ आणि ‘गुप्त’ या अर्थांचे शब्दही हुबेहूब असेच लिहितात. त्यांपैकी ‘गुप्त’ हा चिनी आहे, तर ‘पित्त’ देशी असून त्याचे नातलग कंबोडियाच्या ख्मेर भाषेत सापडतात.

‘मत् ओंग’, म्हणजे मधमाशीचा मध, हा पूर्ण शब्दही चिनी समजू नये. ‘ओंग’ हा देशी शब्द आहे, मेळघाटातील कोरकू ज्या ऑस्ट्रोआशियाई कुळातली त्याच कुळातला. शिवाय मुख्य पद आधी ठेवणारी रचनाही चिनीच्या उलट, म्हणजे व्हिएतनामीच आहे. याच धर्तीवर ‘मत् मिआ’ म्हणजे उसाची काकवी, त्यामुळे ‘मत्’ दिसला की डोळे झाकून ‘मध’ लिहू नये.