महानगराचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा

महानगरात मुरलेल्या माणसाला इथलं काय आवडतं असं विचारलं, तर उंच इमारती आणि झगमगाट त्याच्या तोंडी क्वचितच येतो. घर न बदलता नोकरी बदलता येते, रात्री अकरालाही परतीची गाडी मिळते, विरळा आजाराचा तज्ज्ञ त्याच शहरात सापडतो, आणि आपण कुणाबरोबर फिरतो याची शेजारी चौकशी करत नाहीत, अशी उत्तरं मिळतात. पण या गोष्टी शहरात आहेत म्हणून आपोआप वाट्याला येत नाहीत. घरापासून पाऊण तासात जे गाठता येतं तेवढंच महानगर तुमचं, बाकीचं नकाशावर. म्हणून सुरुवात घर निवडण्यापासून करावी. घर आधीच ठरलेलं असेल, तर त्याच्या भोवतालचा टापू मोजण्यापासून.

आधी टापू मोजा

नकाशावर घराभोवती ९०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे १५ मिनिटांत सव्वा किलोमीटर. मात्र रस्ते सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे चालायचं अंतर हवाई अंतराच्या साधारण १.३ पट धरावं लागतं, शिवाय सिग्नलला थांबणं आलंच. या वर्तुळात किराणा, भाजी, औषधाचं दुकान, नेहमीचा डॉक्टर, बसायला-फिरायला मोकळी जागा आणि ज्याला वरचेवर गाड्या आहेत असा एक थांबा, एवढं असलंच पाहिजे. मग ते वर्तुळ प्रत्यक्ष चालून बघा. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा द्रुतगती रस्ता आला की नकाशावरचे ३०० मीटर वळसा घालून सहज दीड किलोमीटर होतात. पुलाला फक्त जिनाच असेल, तर बाबागाडी किंवा गुडघेदुखी असलेल्यांसाठी तो पूल नसल्यातच जमा.

दुसरं वर्तुळ ४५ मिनिटांचं, तेही दारापासून दारापर्यंत. इथे हिशेब हमखास चुकतो, कारण बहुतेकजण फक्त गाडीत बसलेला वेळ मोजतात. थांब्यापर्यंतची चाल, वाट पाहणं, प्रवास, गाडी बदलणं आणि उतरल्यानंतरची चाल अशी सगळी बेरीज करा. दरवेळी गाडी बदलताना किमान ५ मिनिटं चालण्यात जातात, वर पुन्हा वाट पाहणं. नकाशाच्या ॲपमध्ये 'आत्ता निघालो तर' असं न बघता मंगळवारी सकाळी नऊला पोचायचंय असं भरा, नंतर रविवारी रात्री नऊला परतायचंय असं भरा. परतीचा वेळ दुप्पट निघाला, तर ते घर फक्त नोकरीला जाण्यापुरतं सोयीचं आहे. संध्याकाळच्या शहराला तुम्ही मुकाल.

घर आजच्या कार्यालयाला अगदी खेटून घेण्याचा मोह टाळावा असं आमचं मत आहे. तुमच्या कसबाला एकाच शहरात अनेक गिऱ्हाइकं असणं हा महानगराचा मोठा फायदा, आणि कार्यालयं हलतात, नोकऱ्या सुटतात. दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात अशा जंक्शनपासून १० मिनिटांवरचं, थोडं लहान घर जास्त उपयोगी पडतं. घरात दोघं कमावणारे असतील तर बहुधा दुसरा पर्याय उरतच नाही.

वाट पाहण्याचं गणित

थांबा किती जवळ आहे यापेक्षा तिथे गाडी किती मिनिटांनी येते हे जास्त महत्त्वाचं. १० मिनिटांच्या आत गाडी असेल तर वेळापत्रक पाहायची गरज नसते, बाहेर पडायचं आणि जायचं. २० मिनिटांनी असेल तर निघण्याआधी फोन बघावा लागतो. अर्ध्या तासाने असेल तर सगळा दिवस तिच्याभोवती आखावा लागतो आणि एक चुकली की पुढचं सगळंच बिघडतं.

कागदावरच्या सरासरीवर मात्र जाऊ नका. दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल, हे गाड्या समान अंतराने आल्या तरच खरं. त्या जोडीने येऊ लागल्या, म्हणजे एक २ मिनिटांनी आणि पुढची १८ मिनिटांनी, तर दोन गाड्यांमधलं सरासरी अंतर १० मिनिटंच राहतं, पण थांबणाऱ्याची सरासरी वाट ८.२ मिनिटांवर जाते. कारण त्या १८ मिनिटांच्या खिंडारात सापडणारी माणसंच जास्त असतात. गाड्या अशा जोडीने का येतात? थोडी उशीर झालेली बस पुढच्या थांब्यावर जास्त गर्दी उचलते, चढ-उतारात आणखी मागे पडते, आणि मागच्या बसला माणसंच न उरल्याने ती हिला गाठते. यावर उपाय सोपा आहे: पहिली खचाखच भरलेली दिसली आणि दुसरी लगेच मागे असेल, तर दुसरीत चढा. आधी तिची पाटी मात्र वाचा, कारण अशा गाड्या कधीकधी अर्ध्यातूनच परत फिरवतात.

रोजच्या मार्गावर, उतरायच्या स्टेशनचा जिना कोणत्या डब्यासमोर येतो हे पाहून ठेवा. गर्दीच्या वेळी योग्य दारातून उतरलं तर जिन्यावरची रांग टळते आणि अनेकदा पुढची गाडीही सापडते. पासचा हिशेब वर्षातून एकदा तपासा: मासिक पासची रक्कम भागिले एका फेरीचं भाडं. उत्तर आलेल्या फेऱ्या तुम्ही सुट्ट्या आणि घरून कामाचे दिवस वगळूनही करत असाल तरच पास घ्या. दुसरा मार्ग, म्हणजे वेगळ्या वाहनाचा, सुट्टीच्या दिवशी एकदा करून बघा. गाड्या बंद पडलेल्या दिवशी तो शोधायला निघालात, तर तुमच्यासारखे हजारो जण तिथेच गर्दी करून उभे असतील.

आवाज आणि हवा

घर बघायला तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री अकराच्या सुमारास आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची मर्यादा वर्षाच्या सरासरीने ४० डेसिबल सुचवली होती. मोठ्या शहराच्या हमरस्त्यावर ती पाळली जाणं अवघडच. फोनमधल्या आवाजमापकाचे आकडे अचूक नसतात, पण एकाच फोनवर दोन खोल्यांची तुलना करायला पुरतात. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. मागच्या बाजूची झोपायची खोली पुढच्या खोलीपेक्षा इतकी शांत असेल, तर हमरस्त्यावरचं घरही चालून जातं. खिडकीवर खर्च करायचा असेल तर आधी फटींना रबरी पट्ट्या लावा. फटी तशाच ठेवून जाड काच बसवली तर पैसे वाया जातात, कारण जिथून हवा येते तिथून आवाजही आत शिरतो. तेवढ्याने भागलं नाही, तर आतून दुसरी खिडकी, दोन काचांमध्ये साधारण १०० मिलिमीटर पोकळी ठेवून.

वाहनांच्या धुराचा जोर रस्त्यालगत सर्वाधिक असतो आणि दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर बराच ओसरतो. सकाळच्या फेरफटक्यासाठी समांतर गल्ली निवडणं फुकटात होतं.

इस्पितळ आजच शोधून ठेवा

चांगली इस्पितळं हा महानगरात राहण्याचा सर्वात ठोस लाभ, आणि ऐन वेळी तोच हातातून निसटतो. जवळचं मोठं इस्पितळ प्रत्येक गोष्टीसाठी योग्य असतंच असं नाही. दोन प्रश्न आधीच फोन करून विचारा: हृदयविकाराच्या झटक्यावर अँजिओप्लास्टी रात्री दोन वाजताही होते का, आणि पक्षाघातासाठी सीटी स्कॅन व गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चोवीस तास उपलब्ध असतं का? ते इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठीकठाक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायची. रुग्णवाहिका दारापर्यंत कोणत्या फाटकाने येते आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, हेही पाहून ठेवा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना नुसता अहवाल नेऊ नका. स्कॅनच्या मूळ प्रतिमांची डिजिटल प्रत मागून घ्या. तज्ज्ञाला स्वतः पाहायचं असतं ते चित्र, आधीच्या कुणीतरी लिहिलेला निष्कर्ष नव्हे.

माणसं

कुणी ओळखत नाही याचं सुख आणि एकटेपणा एकाच दारातून येतात. महानगरात तुमच्या चमत्कारिक छंदाचेही सोबती असतात, प्रश्न टिकण्याचा असतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून जास्त, असं दिसलं. आठवड्याला दोन तासांचा गट धरला तर पहिला टप्पाच २५ आठवड्यांचा. म्हणून एकच गट निवडा, ठरलेला वार, ठरलेली जागा आणि पाऊण तासाच्या आतली. त्यापलीकडचा कितीही छान असो, पावसाळ्यात सुटतो.

ग्रंथालयाचं सदस्यत्व पहिल्याच महिन्यात घ्या आणि दुसऱ्या शाखेतलं पुस्तक जवळच्या शाखेत मागवता येतं का ते विचारा. संग्रहालयं कामाच्या दिवशी उघडताक्षणी गाठा, रविवारी दुपारी फक्त पाठी दिसतात. रात्रीच्या नाटकाला किंवा मैफलीला जाताना शेवटच्या गाडीची वेळ तिकीट काढण्याआधी बघा.

वीज गेली तर

उंच इमारतीत वीज गेली की लिफ्टबरोबर पाण्याचा पंपही थांबतो, आणि वरची टाकी काही तासांत आटते. पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर या हिशेबाने दोन-तीन दिवसांचं पाणी, भरलेली पॉवर बँक, विजेरी, नेहमीची औषधं आणि थोडी रोकड एका पिशवीत ठेवा. यंत्रं बंद पडली की कार्डही चालत नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्याला बाहेर काढण्याची किल्ली कुणाकडे असते आणि तळमजल्यावर पंपाविना थेट दाबाने पाणी येणारा नळ कोणता, हे पहारेकऱ्याला विचारून घ्या.