ट्रेनीने आधी गोडाऊन मागावं

रिटेल कंपनीत मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून अर्ज केलाय ना? मग मुलाखतीआधीचा एक शनिवार मोकळा ठेवा. संध्याकाळी सातला पुण्यात विमाननगरच्या फिनिक्स मॉलमध्ये जाऊन कपड्यांच्या एखाद्या दुकानासमोर अर्धा तास उभे राहा. आत किती गेले, पिशवी घेऊन किती बाहेर आले, मोजा. ६० गेले आणि १२ पिशव्या दिसल्या, तर कन्व्हर्जन, म्हणजे आलेल्यांपैकी घेणाऱ्यांचं प्रमाण, २० टक्के. बुधवारी दुपारी पुन्हा मोजा. आलेली माणसं, कन्व्हर्जन आणि सरासरी बिल, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे दुकानाची विक्री. 'मला लोकांशी बोलायला आवडतं' हे मुलाखतीत सगळेच सांगतात (मीही सांगितलं होतं). तुम्ही तो मोजणीचा कागद काढा.

ऑफर लेटरमध्ये बाँड (किती काळ नोकरी सोडता येणार नाही) आणि पोस्टिंग नीट वाचा. मुलाखत बाणेरला झाली म्हणून दुकान पुण्यातच मिळेल असं नाही. शनिवार-रविवार विसरा, सुट्टी मधल्या वारी मिळते.

रुजू झाल्यावर सगळ्यांना फ्लोअर, म्हणजे गिऱ्हाइकांसमोरचं काम, हवं असतं. तुम्ही आधी गोडाऊन मागा. माझ्या दुसऱ्या आठवड्यात शाम्पूचे ४० बॉक्स आले. चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, बॉक्सला १२ नग. मी बॉक्स मोजले, ४० भरले, जीआरएनवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही ठोकली. एकही बॉक्स उघडला नाही. स्टॉक मोजणीत ८० बाटल्या कमी! बॉक्समध्ये १०-१०च होत्या आणि सही माझी. पुरवठादार कशाला ऐकतोय? तो सगळा तोटा श्रिंकेजमध्ये, म्हणजे दुकानाच्या मालातल्या तुटीत, गेला. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक मालातले दोन-तीन बॉक्स फोडायचे, नग मोजायचे, एमआरपी आणि एक्स्पायरी चलनाशी ताडायची, कमी असेल तर ड्रायव्हरसमोरच चलनावर लिहून त्याची सही घ्यायची. टेम्पोवाला घाई करतो, करू दे. रॅकवर नवा माल मागे आणि आधी संपणारा पुढे, हेही तिथेच हाताला लागतं.

मग महिनाभर बिलिंग. रात्री कॅश टॅली होईपर्यंत घरी जायचं नाही, दहा रुपयांचा फरक असला तरी.

कॅशवरच्या ताई तिथे बारा वर्षं असतील आणि तुम्ही पदवीवाले त्यांना रोस्टर लावून देणार. त्यांना नावाने हाक मारू नका. कोणाचं मूल शाळेतून कधी सुटतं, कोणाला हडपसरची शेवटची बस धरायची असते, हे आधी विचारा आणि मग शिफ्ट लावा. माझं पहिलं रोस्टर एका ताईंनी पेनाने खोडून परत दिलं होतं. बरोबरच होतं त्यांचं.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात रजा मागू नका. आणि बूट मऊ तळव्याचे घ्या, एक नंबर मोठे; दहाव्या तासाला पाय सुजतात.