पुढच्या कन्सोलच्या हार्डवेअरचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबाग असो की मारुती चौक, गेम खेळणारी चार पोरं जमली की विषय तिथंच येतो: पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) आत्ता घ्यावा की पुढच्या पीएस ६ ची वाट बघावी? चार टीव्ही लावून गेमिंग पार्लर चालवणाऱ्यासाठी हा धंद्याचा प्रश्न आहे, आणि गणपतीपासून पैसे साठवणाऱ्या पोरासाठी त्याहून मोठा. म्हणून अंदाज बांधणं हा मला रिकामा उद्योग वाटत नाही. मात्र तो हिशेबाने बांधावा. बहुतेकांचं गणित कुठं फसतं ते सांगतो.

टेराफ्लॉप्सचा आकडा तसाच गिळणं

"भावा, ३३.५ टेराफ्लॉप्स!" पीएस ५ प्रो, म्हणजे पीएस ५ ची जास्त ताकदीची आवृत्ती, यायच्या आधी हा आकडा सगळीकडं फिरत होता. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. डिसेंबर २०२४ मध्ये सोनीसाठी कन्सोलची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी खुलासा केला: १६.७. आकडा बरोबर निम्मा कसा झाला? कागद घ्या आणि स्वतः करून बघा. पीएस ५ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कॉम्प्युट युनिट (गणित करणाऱ्या भागांचे गट), प्रत्येकात ६४ शेडर (गणित करणारे छोटे भाग), प्रत्येक शेडर क्लॉकच्या एका ठोक्याला २ गणितं करतो, आणि क्लॉक २.२३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २२३ कोटी ठोके. गुणाकार केला की १०.२८ टेराफ्लॉप्स येतात. प्रोच्या बातमीत ठोक्याला २ ऐवजी ४ गणितं धरली होती. कन्सोलच्या चिपा तयार करणाऱ्या एएमडी कंपनीच्या नव्या रचनेत कागदावर ते शक्य आहे, पण गेम चालताना ती दुप्पट क्वचितच पदरात पडते. तेव्हा पुढच्या पिढीचा आकडा कानावर आला की पहिला प्रश्न हाच विचारा: ठोक्याला किती धरलीत?

आणि नुसत्या या आकड्यावरून गेम कसा चालेल हे ठरत नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२.१५ टेराफ्लॉप्सचा, तरी कितीतरी गेम त्यावर आणि पीएस ५ वर उन्नीस-बीसच चालतात.

मेमरी किती ते बघणं, बस किती रुंद ते न बघणं

माझ्या मते सगळ्यात जास्त अंदाज इथं फसतात. विहिरीला पाणी भरपूर असून पाइप दोन इंची असेल तर ऊस वाळतोच. बस म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यातला असाच पाइप, आणि त्याची रुंदी बिटमध्ये मोजतात. पीएस ५ ची १६ जीबी मेमरी २५६ बिटच्या बसवर आहे. प्रत्येक बिटमागं सेकंदाला १४ गिगाबिट. २५६ गुणिले १४ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४४८ जीबी.

याच गणितानं अफवा तपासता येते. जीडीडीआर (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) ची एक चिप बसचे ३२ बिट घेते, म्हणून २५६ बिटला ८ चिपा. जीडीडीआर ७ या नव्या पिढीच्या चिपा २ जीबी आणि ३ जीबीच्या मिळतात. म्हणजे सरळ उत्तर १६ किंवा २४, आणि चिपा बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लावल्या तर ३२ किंवा ४८. कुणी २५६ बिट आणि २० जीबी एकत्र सांगत असेल तर वेगवेगळ्या आकाराच्या चिपा मिसळल्याशिवाय ते जमत नाही. मिसळता येतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. सिरीज एक्समध्ये १० चिपा आहेत, ६ दोन जीबीच्या आणि ४ एक जीबीच्या. म्हणून तिथं १० जीबीला सेकंदाला ५६० जीबीचा वेग मिळतो आणि उरलेल्या ६ जीबीला ३३६ चाच. गेम बनवणाऱ्याला कुठली गोष्ट कुठं ठेवायची हे सांभाळत बसावं लागतं. असं दुखणं कंपनी पुन्हा विकत घेईल का, हेही अंदाजात धरा.

पीसीच्या कार्डावरून कन्सोल मोजणं

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे पीसीचं ग्राफिक्स कार्ड एकटंच ५७५ वॉटपर्यंत जातं. पीएस ५ अख्खा मिळून २०० वॉटच्या आसपास खातो, आणि तेवढी उष्णता बाहेर काढायला पहिलं मॉडेल ३९ सेंटिमीटर उंच आणि साडेचार किलोचं करावं लागलं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बंद टीव्ही कॅबिनेटमध्ये कन्सोल ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

किंमत शेवटी धरणं

खरं तर सुरुवात किमतीपासून करायची आणि मागं यायचं. २००६ मध्ये पीएस ३ चं वरचं मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला आलं आणि सोनीला ते चांगलंच महागात पडलं. २०१३ मध्ये पीएस ४ आला तो ३९९ ला, साध्या रचनेचा, आणि बाजी मारून गेला. २०२० मध्ये पीएस ५ ४९९ ला. एरवी कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पीएस ५ उलट ५० डॉलरनं महागला. त्यात एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी वाढवून भाव चढवलेत. त्यामुळं पुढच्या कन्सोलला ३२ जीबी मेमरीचा अंदाज सांगणाऱ्यानं पैसे कुठून येणार तेही सांगावं.

'काम सुरू आहे' म्हणजे 'येतंय' असं समजणं

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडीशी करार जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये सोनी आणि एएमडीनं रे ट्रेसिंगसाठी (गेममधला प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्यासाठी) रेडियन्स कोअर, एआयच्या कामासाठी न्यूरल अॅरे आणि डेटा दाबून पाठवणारं युनिव्हर्सल कॉम्प्रेशन अशा तीन गोष्टी दाखवल्या. पण त्याच वेळी त्या अजून सिम्युलेशनमध्येच आहेत, म्हणजे खरी चिप अजून नाही, हेही सांगितलं. कन्सोल 'काही वर्षांत', एवढंच. दिशा समजते ती अशी: नुसती ताकद वाढवण्यापेक्षा कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं आणि स्पष्ट करण्यावर भर.

भारताची तारीख विसरणं

पीएस ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला. पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा भारतात आलाच नाही. शिवाय जुनी पिढी एका दिवसात मरत नाही. पीएस ५ येऊन दोन वर्षं झाल्यावरही गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक पीएस ४ वर निघाला होता. त्यामुळं कुणी पार्लरवाला विचारतो तेव्हा मी सांगतो, गिऱ्हाईक आज दारात असेल तर आजच घ्या; फक्त डिस्क ड्राइव्हवालं मॉडेल घ्या, म्हणजे पीएस ४ च्या जुन्या डिस्क चालतील आणि पुढं विकतानाही गिऱ्हाईक मिळेल.