उसाच्या पट्ट्यात कुत्र्याला सर्पदंश झाल्यास पहिला तास कसा हाताळावा

वाळवा, पलूस, कराड या उसाच्या पट्ट्यात राखणीच्या कुत्र्याला साप चावतो तो बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर, कारण काही हलताना दिसले की कुत्रा आधी नाक पुढे करतो. मालकाचा फोन येतो त्याच क्षणी पशुवैद्यकाने उपचार सुरू झाले असे समजावे. कुत्र्याला चालवू नये, उचलून आणावे. गळ्यातला पट्टा ताबडतोब काढावा, कारण मान सुजल्यावर तोच फास ठरतो. दोरी आवळू नये, जखमेवर चिरा देऊ नये, हे मालकाला स्पष्ट सांगावे. साप मारून सोबत आणण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. बत्तीस शिराळ्याच्या या परिसरात साप ओळखणारे घरटी दोघे भेटतात, परंतु अंधारात घाईने पाहिलेल्या सापापेक्षा समोरच्या जनावराची लक्षणे अधिक खरे सांगतात.

दवाखान्यात आल्यावर आधी श्वास, मग हिरड्या पाहाव्यात. हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला नाही, तर रक्ताभिसरण ढासळते आहे असे समजून, दंश नसलेल्या पायाच्या शिरेत सुई बसवून सलाईन सुरू करावे. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहावी. दातांच्या खुणा शोधण्यात मात्र वेळ दवडू नये. केसांत त्या बऱ्याचदा सापडत नाहीत.

वेगाने वाढणारी सूज, तीव्र वेदना आणि रक्तस्राव ही घोणसाची लक्षणे असतात. खात्रीसाठी दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग नळी तिरकी करावी. रक्त पातळच वाहिले, तर ते गोठण्याची क्रिया बिघडली आहे. नळी प्लॅस्टिकची असल्यास किंवा साबणाने धुतलेली असल्यास ही चाचणी फसवते. अशा कुत्र्याला मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके देऊ नयेत, आणि मानेच्या शिरेत सुई टोचू नये, कारण रक्तस्राव थांबत नाही. पापण्या मिटू लागणे, लाळ गळणे व मागचे पाय लटपटणे ही नागाची किंवा मण्याराची खूण होय. मण्याराच्या दंशात सूज जवळजवळ नसते, त्यामुळे तो नजरेतून निसटतो. लाळ आणि लोंबणारा जबडा रेबीजमध्येही दिसतो, म्हणून हातमोज्यांशिवाय तोंड उघडू नये.

आपल्याकडचे अँटिव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचा उतारा, नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. त्याची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, कारण निष्प्रभ करायचे असते ते सापाने सोडलेले विष. लहान पिल्लाला कमी देण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते. पावडर विरघळवताना कुपी जोराने न हलवता हळूहळू फिरवावी, सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एक तासात शिरेतून द्यावी, आणि अँटिव्हेनमची तीव्र ॲलर्जी उठल्यास देण्यासाठी सिरिंजमध्ये अड्रेनलिन भरून जवळ ठेवावे: दहा किलोच्या कुत्र्याला एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे ०.१ मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत. नागाच्या दंशात लुळ्या पडणाऱ्या स्नायूंसाठी अट्रोपिनसह निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होतो. तरीही श्वास मंदावला, तर श्वासनलिकेत नळी घालून अँब्यू पिशवीने (हाताने दाबून हवा देणाऱ्या रबरी पिशवीने) श्वास देत राहावे आणि दुसऱ्या माणसाने शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात फोन लावावा.

घोणसाच्या दंशात रक्त गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करावी. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग व प्रमाण पाहावे, कारण मूत्रपिंडे उशिरा निकामी होतात.